‘ते रक्त देत नाहीत’ म्हणणाऱ्यांना

आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक संदेश फिरतोय. अमेरिकेतले हिस्पॅनिक लोक, म्हणजे मूळचे मेक्सिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतले, रक्त घेतात पण देत नाहीत, अर्ध्यांकडे कागदपत्रं नाहीत, तिकडचे रोग घेऊन येतात. त्यांच्या चर्चमध्ये स्पॅनिशमधून रक्तदान शिबिरं घेणं म्हणजे पैसा पाण्यात, असं त्यात म्हटलंय. मी इथे टेक्सासमध्ये अशाच शिबिरांत खुर्च्या मांडण्यापासून अर्ज भरून देण्यापर्यंत पडेल ते काम करते. गप्प बसवत नाही.

‘कागदपत्रं नाहीत.’ रक्त द्यायला नागरिकत्व लागतच नाही. ओळखपत्र बघतात, व्हिसा, ग्रीन कार्ड कोणी विचारत नाही. पण हे माहीत नसलेला माणूस टेबलावरचा अर्ज बघूनच दारातून परत फिरतो. त्याला थांबवायला ओळखीचा चेहरा लागतो, चर्चचे फादर किंवा मुलांच्या शाळेतल्या बाई. स्थानिक मंडळींना सोबत घ्यायचं ते एवढ्यासाठी.

‘रोग असतात.’ रोख चागास रोगाकडे असावा. लॅटिन अमेरिकेत एका रक्तपिपासू किड्यामुळे तो पसरतो. इथल्या रक्तपेढ्या 2007 पासून त्याची चाचणी करतात. दोष निघाला तर ते रक्त कोणाला चढवत नाहीत आणि देणाऱ्याला कळवतात. हा रोग वर्षानुवर्षं लक्षण न दाखवता हृदय पोखरतो, त्यामुळे काहींना तो पहिल्यांदा कळतो तो रक्तदानातच. मलेरियाचं म्हणाल, तर दिवाळीत गावी जाऊन आलेल्या आपल्याच मंडळातल्या दोघांना तीन महिने थांबा म्हणून सांगितलं होतं. त्यांना कोणी रोगट म्हटलं नाही.

‘देतच नाहीत.’ लोकसंख्येच्या मानाने देणारे कमी आहेत, हे खरं. पण कारण बघा. गेल्या उन्हाळ्यात चर्चच्या हॉलमध्ये पन्नाशीची एक बाई बाही वर करून बसली आणि नर्सला म्हणाली, ‘पारा किएन?’ म्हणजे, कोणासाठी? तिला पेशंटचं नाव हवं होतं. ज्याला लागेल त्याच्यासाठी, हे तिला पटेना. मेक्सिकोत घरचं माणूस दवाखान्यात पडलं की नातेवाइकांनी रक्त भरून द्यायचं, ही रीत. ‘आधी डोनर आणा’ हे आपल्याकडेही ज्यांनी ऐकलंय, त्यांना हे समजावून सांगायला नको. भावासाठी, आईसाठी, जावेसाठी असं तीनदा तिने रक्त दिलं होतं. तिला न देणारी कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्या दिवशीही तिने दिलं. मात्र पिशवीवर पेशंटचं नाव नाही म्हणून जाताना दोनदा मागे वळून बघितलं.

राहिला पैसा. अमेरिकन रेड क्रॉसच्या आकड्यांनुसार हिस्पॅनिकांपैकी 53 टक्के ओ पॉझिटिव्ह असतात, गोऱ्यांपैकी 37. ओ पॉझिटिव्हच्या लाल पेशी कोणत्याही पॉझिटिव्ह गटाला चालतात. बहुसंख्य हिस्पॅनिक असलेल्या, टेक्सासमधल्याच सॅन अँटोनिओ शहराच्या भागात 2018 पासून हेलिकॉप्टर रुग्णवाहिकेत ओ पॉझिटिव्ह रक्त सोबत नेतात. अपघातात माणूस रक्ताच्या थारोळ्यात पडलेला असतो, गट तपासायला वेळ नसतो, तेव्हा ते तिथेच चढवतात. उद्या हायवेवर त्या जागी आपल्यातलंच कोणी असू शकतं.

पुढच्या शिबिराला अर्ज भरून द्यायला माणसं कमी पडताहेत. स्पॅनिश येत नसलं तरी चालेल, शेजारी दुभाषी मुलगी बसते.