गटार कुठल्या सूचीत येतं?

घरासमोरचं गटार पुन्हा तुंबलंय, एवढं सांगितलं की माझी कैफियत संपली. अर्ज घेऊन सांगलीतल्या एका कार्यालयाच्या व्हरांड्यात बसलो होतो. (कुठलं ते सांगत नाही. गटार अजून तुंबलेलंच आहे.) शेजारी भडंगाची पुडी सोडून एक काका बसले होते.

"काय काम काढलं, पाव्हणं?"

"गटार."

"अर्ज कुणाच्या नावानं?"

"आयुक्तांच्या."

काकांनी मूठभर भडंग तोंडात टाकलं आणि माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. त्यांचंही गटारच होतं. पण अर्जाच्या डोक्यावर ठसठशीत अक्षरात 'मा. पंतप्रधान, दिल्ली' आणि खाली बारीक 'मार्फत, इथलं हापिस'.

मला राहवलं नाही. "काका, गटार दिल्लीकडं नसतं. सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता घटनेतल्या राज्यसूचीत, म्हणजे राज्याच्या विषयांच्या यादीत, सहाव्या नंबरला. 74व्या घटनादुरुस्तीनं पालिकांसाठी बारावी अनुसूची आली, 18 विषयांची. तिथंही स्वच्छता सहाव्याच नंबरला."

"मग दिल्लीत काय असतंय?"

"संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलनी नोटा."

"नोटा तिकडं आन् गटार हिकडं? मग गटाराला पैसं कोण देणार?"

याचं उत्तर एका वाक्यात वित्त आयोगालाही देता आलं नसतं. मी विषय बदलला. तोवर काका मतदानावर आले होते. "मी मत दिलं त्यास्नी. जाब बी त्यास्नीच इचारणार."

"तुम्ही मत दिलं खासदाराला. असे 543 निवडून येतात. निम्म्याहून जास्त, म्हणजे 272, ज्याच्या पाठीशी, त्याला राष्ट्रपती पंतप्रधान नेमतात."

"आपला खासदार कोण वो?" काकांनी रांगेला विचारलं. तीन नावं आली. एक मागच्या खेपेचं, एक आमदाराचं आणि एक साखर कारखान्याच्या चेअरमनचं. रांगेनं मग माझ्याकडंच संशयानं बघितलं.

काका म्हणाले, त्यापेक्षा इंग्रजांच्या काळात इथं लोकांनीच चालवलेलं प्रतिसरकार बरं. 1943 ला नाना पाटलांच्या माणसांनी त्यांच्या आज्याच्या बांधाचा तंटा एका रात्रीत मिटवला होता म्हणे. "अर्ज न्हाई, झेरॉक्स न्हाई." शिक्षा म्हणून पायाला पत्र्या ठोकायच्या गोष्टीही त्यांनी इतक्या प्रेमानं सांगितल्या, की टेबलावरच्या क्लार्कनं पाय आत घेतले.

खरं सांगू, चीड मला काकांची आली नाही. गटारासाठी पंतप्रधान आठवतात, कारण मधे कुणी दिसतच नाही. पालिकेची मुदत 5 वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक, असं घटनेतच लिहिलंय. तरी महाराष्ट्रातल्या कितीतरी पालिकांत वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हते, नुसता प्रशासक. लोकसभेचं असं करून बघा, देश पेटेल. वॉर्डाचं केलं तर पेपरात आतल्या पानावर चार ओळी. राज्यसभेलासुद्धा धन विधेयक 14 दिवसांपेक्षा जास्त अडवता येत नाही. आमच्या इथल्या टेबलाला अशी कसलीही अट नाही.

एवढ्यात माझा नंबर पुकारला. मी चष्मा पुसेपर्यंत काका आत.

'मा. पंतप्रधान' वाचून क्लार्क उभा राहिला. कुणालातरी फोन झाला. शिक्का बसला, पोच मिळाली, "उद्या माणूस पाठवतो काका" असंही झालं. बाहेर आल्यावर काकांनी उरलेलं भडंग माझ्या हातावर ओतलं. "बघितलं? वरनं दाबाय लागतंय."

मग मी आत गेलो. माझा अर्ज अगदी शिस्तीत, कलमासकट, अनुसूचीसकट. क्लार्कनं तो दोनदा उलटसुलट केला.

"वकील आहात का?"

"नाही."

"मग एवढी कलमं कशाला? आता हे विधी विभागाकडं पाठवावं लागेल."