मार्केटला टाका की!

सहाशे-साडेसहाशे रुपयांसाठी माणसानं एवढा त्रागा करू नये, असं घरात मला ऐकवून झालं आहे. मान्य. पण ते पैसे मी घालवले असते तर गोष्ट वेगळी. ते एका अनोळखी गृहस्थाच्या अंगठ्यानं गेले, आणि त्या अंगठ्याला तंबाखू-चुना लागलेला होता. मोबाइलच्या काचेवर त्याचा पुरावा संध्याकाळपर्यंत टिकून होता.

लातूर-नांदेड एसटी, चाकूर मागं पडलेलं. मी खिडकीशी. शेजारी पांढरी टोपी घातलेले, मांडीवर पिशवी घेतलेले एक मामा. शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये बघणं हा एसटीत गुन्हा नाही, तो हक्क तिकिटातच येतो. मामा आधी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. अहमदपूर येईस्तोवर त्यांची टोपी माझ्या खांद्याला टेकली.

"शेअर का?"

"हो."

"कितीला द्यायलाय?"

कंपनी छोटी होती. निफ्टीतल्या 50 किंवा सेन्सेक्समधल्या 30 कंपन्यांचे शेअर हातोहात खपतात, तिथं घेणारा आणि विकणारा यांच्या भावात बहुतेकदा थोड्याच पैशांचा फरक. इथं मात्र घेणारा 212 वर अडलेला आणि विकणारा 218 वर. मधले सहा रुपये म्हणजे स्प्रेड. म्हणून मी 50 शेअरची लिमिट ऑर्डर भरत होतो, भाव 212. मिळाला तर 212 ला किंवा खाली, नाहीतर राहू दे. मला घाई नव्हती. मामांना होती.

"तुमी 212 म्हणायलाव, तो 218 म्हणायलाय. मग सौदा कवा व्हायचा?"

"होईल मामा. नाही झाला तर नाही."

"असं कसं? घ्यायचंय का न्हाई घ्यायचं?" आवाज आता पुढच्या तीन सीटपर्यंत गेला होता. "आमच्या पुतण्याचं बघतो की मी. भाव-बिव काय लिहीत नसतोय तो. मार्केटला टाका की!"

आणि मी 'अहो मामा' म्हणेपर्यंत त्यांनी 'लिमिट'च्या शेजारच्या 'मार्केट'वर बोट ठेवलं आणि खालची हिरवी पट्टी अंगठ्यानं डावीकडून उजवीकडे सरकवली. इतक्या सफाईनं, की मला आजवर ती पट्टी एका दमात सरकवता आलेली नाही.

मार्केट ऑर्डर म्हणजे समोरचा मागेल तो भाव कबूल. 218 ला दहाच शेअर होते, ते संपले. मग 221 चे पंधरा, मग 226 चे पंचवीस. सरासरी पडली 222 रुपये 90 पैसे. माझ्या भावापेक्षा एकूण 545 रुपये जास्त.

"झालं बगा," मामा म्हणाले. "उगं ताटकळून बसला होताव."

मी रागावलो. आवाज चढवून विचारलं, "मामा, मोंढ्यात सोयाबीन नेल्यावर तुम्ही आडत्याला म्हणता का, काय भाव लावायचा तो लावा म्हणून?"

मला वाटलं, निरुत्तर केलं.

"म्हणतोच की! दुसरं काय करतोव आमी?" मामा पूर्ण माझ्याकडे वळले. "सरकारचा हमीभाव 5328. आडत्या पोत्यात हात घालतोय, मूठभर दाणे काढतोय, वास घेतोय. वल है म्हणतोय, काडी है म्हणतोय, अन् चार हजार एकशे लावतोय. मी काय म्हणू, मला 5328 लाच इकायचंय? मग ते पोते कुठं घिऊन जाऊ? टेम्पोवाला भाडं सोडतोय का? हमाल हमाली सोडतोय का? आमी जलमभर मार्केटलाच टाकतोव, मालक."

बस हळहळली. मागून कुणीतरी 'खरंय' म्हणालं. कंडक्टरनं तिकिटाचं मशीन काखेत धरून स्वतःच्या चार एकरांची कहाणी सुरू केली. आणि माझे 545 रुपये? नुकसान माझं, सहानुभूती त्यांना! ज्यानं माझ्या खिशात हात घातला त्याचंच सांत्वन करत मी बसलो होतो.

एवढ्यात मागच्या सीटवरून नुकतीच मिसरूड फुटलेला चेहरा पुढं आला. "अंकल, स्टॉपलॉस लावला का?"

स्टॉपलॉस म्हणजे भाव ठरावीक आकड्याच्या खाली गेला की आपोआप विक्रीला लागणारी ऑर्डर. हे मला माहीत होतं. 'अंकल' अनपेक्षित होतं.

"तू काय करतोस?"

"ऑप्शन. निफ्टीचे."

"किती कमावलेस?"

"अजून शिकायलोय."

2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये, म्हणजे पुढच्या भावावरच्या सौद्यांत, उतरलेल्या शंभर सामान्य माणसांपैकी 93 बुडाले, एकूण 1.8 लाख कोटींच्या वर, असं शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनंच सांगितलं आहे. दहातले नऊ जण तोट्यात जातात, ही सूचना ॲप उघडताना समोर येते आणि 'समजलं' दाबल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पोरगं म्हणालं, ते तर मी न वाचताच दाबतो. म्हणजे सेबीनं बजावलं, ॲपनं लिहिलं, पोरानं दाबलं. सगळ्यांचे हात स्वच्छ, आणि पैसे बापाचे.

पण पोरगं तयार होतं. माझ्या पडद्याकडे बघून म्हणालं, "अंकल, हे इंट्राडेत पडलंय."

इंट्राडे म्हणजे आजचं आजच मिटवायचं. शेअरच्या किमतीच्या एकपंचमांश पैशात काम होतं, म्हणून ॲपनं तेच आधीपासून निवडून ठेवलेलं असतं. डिलिव्हरी, म्हणजे शेअर घेऊन ठेवणं, मी शेवटी निवडतो, आणि शेवटापर्यंत मला पोचू दिलं नव्हतं. बाजार साडेतीनला बंद होतो, पण माझा ब्रोकर तीन वीसलाच असे सौदे स्वतः कापतो, म्हणजे घेतलेले शेअर विकून टाकतो. वाजले होते दोन पन्नास. डिलिव्हरीत बदलायला दोन बटणं पुरतात. ती दाबायला रेंज लागते, आणि माळाकोळीच्या अलीकडेच ती गेली.

मी मोबाइल खिडकीबाहेर धरला. कंडक्टर ओरडला, हात आत घ्या. पोरानं त्याच्या मोबाइलचं हॉटस्पॉट देऊ केलं, त्यालाही रेंज नव्हती. मामा शांत झोपले होते.

लोहा आलं तेव्हा तीन बावीस. टिंग टिंग करत मेसेज आले. पन्नासही शेअर 211 ला विकले गेलेले, तोटा 595. शिवाय ब्रोकरनं स्वतः सौदा कापल्याबद्दल 50 रुपये दंड, त्यावर 18 टक्के जीएसटी. दलाली आणि एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, वेगळे.

मामा जागे झाले, पिशवी उचलली आणि जाता जाता पुन्हा वाकले. "बघू, किती झाला?"

मी पडदा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो हातभर लांब नेऊन वाचला.

"म्हंजे घेतला अन् आजच इकला?" मामांचा चेहरा खरोखर पडला. "कामून एवढी घाई करता मालक? शेअर कसा, धा-धा वर्षं ठिवायचा असतोय."

कंडक्टरनं मान डोलावली आणि डबल बेल दिली.