९६ वाट्या

"लॅबमध्ये नेमकं करतेस काय?" असं आईने विचारलं की मी सांगते, रक्तातला व्हीईजीएफ मोजते. हे प्रथिन नव्या रक्तवाहिन्या फुटवतं. कॅन्सरच्या गाठीला वाढायला रक्त हवं असलं की तीही हेच सोडते. ऐकायला भारदस्त. प्रत्यक्षात मी भांडी घासते.

हे मोजायची पद्धत म्हणजे एलायझा. तिची प्लेट म्हणजे तळहातात मावणाऱ्या प्लास्टिकमध्ये ९६ इवल्याशा वाट्या. १९७१ साली स्वीडनमध्ये एंगवॉल आणि पर्लमन यांनी ही पद्धत मांडली, तेव्हापासून आमच्यासारखे विसळतायत. वाटीच्या तळाला चिकटलेली अँटिबॉडी व्हीईजीएफला धरते, त्यावर दुसरी अँटिबॉडी बसते, आणि तिच्यावर रंग आणणारं एन्झाइम. म्हणून हे सँडविच. तीन थर, दर थरानंतर चार धुण्या. हिशेब केला तर ११५२ वाट्या. एवढ्या पंगतीला घरी निदान श्रीखंड तरी असतं.

त्याआधी स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी माहीत प्रमाणातलं व्हीईजीएफ. १००० पिकोग्रॅमपासून निम्मं-निम्मं करत १५.६ पर्यंत उतरायचं. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. मला भाजीत मीठ अंदाजाने जमत नाही.

डी रांगेत सातव्या वाटीशी होते आणि फोन थरथरला. आई.

"अगं, कुकरची शिट्टी कुठे ठेवलीस?"

"आई, मी पिपेटिंग करतेय."

"कर की. शिट्टी कुठंय तेवढं सांग."

फोन ठेवला. आता सातवी भरली होती की आठवी? पारदर्शक वाटीत पारदर्शक थेंब. प्लेट तिरकी धरली, ट्यूबलाइटखाली नेली, एक डोळा मिटला. पिपेटला दर वाटीला नवी टिप लागते, म्हणून शेवटी टिपच्या डब्यातल्या रिकाम्या भोकांवरून माग काढला. (ही युक्ती कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये नाही, पण निम्म्या पीएचड्या तिच्यावर तरल्यात.)

तिसऱ्या थराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, धुण्याला टिश्यू पेपर संपला. प्लेट उपडी करून कोरड्या कागदावर ठणाठण आपटायची असते. मी ती आधीच्याच ओल्या बोळ्यावर चार वेळा टेकवली. साडेपाच वाजले होते.

एन्झाइम असेल तिथे निळं होणारं टीएमबी घातलं आणि प्लेट निळी झाली. सुंदर निळी. सगळी. ज्यात नुसतं बफर होतं, व्हीईजीएफ नव्हतंच, ती ब्लँक वाटीसुद्धा. अॅसिड टाकल्यावर सगळं इमानदारीत पिवळं झालं. ४५० नॅनोमीटरला रंगाची गडदता मोजणारा रीडर म्हणाला, ब्लँक १.९. तो आकडा ०.१ च्या आत हवा.

मॅडमनी आकडे पाहिले, चष्मा वर सरकवला. "बफरला गाठ झालीय वाटतं."

"मॅडम, एन्झाइम राहिलं असेल वाट्यांत."

"सँपल उरलंय?"

"एका प्लेटपुरतं."

"मग उद्या आठला ये."

जिना उतरताना पुन्हा फोन.

"सापडली गं शिट्टी. तू रात्री धुतलेल्या पातेल्यात होती. तळाशी पाणी तसंच! भांडी नीट निथळत ठेवायला काय होतं गं तुला?"