किसुमू युगांडात नाही, मामा

परवा रात्री पावणेअकराला मामांचा फॉरवर्ड आला. वर 'जागे व्हा' आणि तीन लाल घंटा. मामा देवगडला असतात, बँकेतून निवृत्त झालेत, आणि मी किसुमूजवळच्या एका साखर कारखान्यात साडेतीन वर्षं शिफ्ट केमिस्ट होतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. फॉरवर्डखाली त्यांनी स्वतः टाइप केलं होतं: "तू तिकडेच होतास ना? मग हे कधी बोलला नाहीस!"

बोललो नाही, कारण त्यातलं बहुतेक घडलेलंच नाही.

ज्यांच्या ग्रुपवर तो अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा. बराक ओबामाचा बाप युगांडातल्या किसुमूचा, शेळ्या राखणारा. हार्वर्डचा डॉक्टर म्हणवायचा, पण सगळं खोटं. १९६५ साली त्याने लेख लिहून जनतेवर शंभर टक्के कर लावा अशी मागणी केली. त्याच लेखात भारतीयांना हाकलायचा आराखडा दिला आणि तो इदी अमीनने अमलात आणला. मुलगा जन्मला केनियात. आणि आपले व्यापारी गेल्यावर तिथला व्यापार बसला, कारण 'त्या लोकांना धंदा जमत नाही'.

किसुमू केनियात आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर, युगांडाच्या हद्दीपासून दोन-अडीच तासांवर. आता गंमत अशी की फॉरवर्डवाल्याचं चुकून थोडं बरोबर आलंय. मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१ च्या डिसेंबरात इथे सरोवराला येऊन टेकली तेव्हा या जागेचं नाव पोर्ट फ्लॉरेन्स होतं आणि ती खरोखरच युगांडा प्रोटेक्टोरेटमध्ये होती. १९०२ मध्ये ब्रिटिशांनी तो सगळा पूर्व प्रांत उचलून आजच्या केनियाच्या बाजूला टाकला. गाव जागचं हललं नाही, हद्द हलली. पण थोरला ओबामा जन्मला १९३० च्या दशकात, त्यामुळे हा अर्धा गुणही फॉरवर्डला देता येत नाही.

शेळ्या त्याने लहानपणी राखल्या. बरं मग? आमच्या कारखान्यातल्या निम्म्या पॅनमननी राखल्या असतील. पुढे तो मासेनो शाळेत गेला. किसुमूहून बुसियाला जाताना हे गाव लागतं, तिथेच रस्त्याच्या कडेला विषुववृत्ताची खूण आहे आणि प्रत्येक नवा भारतीय तिथे एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतो. मीही काढलाय. पुढे १९५९ साली तो हवाईला गेला, अर्थशास्त्राची पदवी घेतली, मग हार्वर्डला एम.ए. केलं. डॉक्टरेट मात्र पुरी झाली नाही. १९६४ मध्ये त्याला परतावं लागलं आणि तरी तो स्वतःला डॉक्टर म्हणवत राहिला. हे मामांच्या बाजूने लिहून टाकतो. दारू, लग्नं, गाडीचे अपघात, तेही खरं. १९८२ साली नैरोबीत अपघातातच गेला.

मुलाचा जन्म होनोलुलूचा, ४ ऑगस्ट १९६१. यावर आणखी एक ओळही खर्चणार नाही.

आता तो लेख. या सगळ्या फॉरवर्डांचं मूळ म्हणजे ही आठ पानं, आणि ती मी वाचली आहेत. कुणालाही वाचता येतात, स्कॅन केलेली प्रत इंटरनेटवर कधीपासून पडून आहे. 'ईस्ट आफ्रिका जर्नल'चा जुलै १९६५ चा अंक, लेखक बराक एच. ओबामा. स्वतंत्र केनियाच्या सरकारने त्या वर्षी 'आफ्रिकन समाजवाद' नावाचं धोरण काढलं होतं, सेशनल पेपर क्रमांक १०. त्यामागचं डोकं तेव्हाचा नियोजनमंत्री टॉम एम्बोयाचं. याच एम्बोयाच्या खटपटीतून केनियाची शेकडो पोरं अमेरिकेला शिकायला गेली आणि ओबामाच्या मागेही तोच उभा होता. अशा माणसाच्या धोरणावर हा परत येऊन वर्षभरात जाहीर टीका लिहितो. जमीन एकेकाच्या नावावर करण्यापेक्षा भावकीच्या सहकारी संस्थांकडे का देऊ नये, असं विचारतो. (वाचताना मला आमची विकास सोसायटी आठवली. तिची अवस्था त्याने पाहिली असती तर वाक्य बदललं असतं.) आणि शेवट काय, तर काहीच न करण्यापेक्षा वरवरचं का होईना, काही केलेलं बरं! उपकारकर्त्याच्या कामाला असं प्रशस्तिपत्र द्यायला छाती लागते, किंवा अक्कल कमी लागते. त्याच्याकडे दोन्ही असावं.

शंभर टक्क्यांचं वाक्य त्यात आहे. नाकारत नाही. पण पूर्ण वाक्य असं की, सरकारने घेतलेल्या कराच्या तोलाचे फायदे लोकांना परत मिळत असतील तर सरकारला उत्पन्नाच्या शंभर टक्के कर लावण्यापासून तात्त्विकदृष्ट्या कोणी अडवू शकत नाही. 'तात्त्विकदृष्ट्या' आणि 'मिळत असतील तर' हे दोन्ही गाळलं की मागणी तयार. मला स्वतःला ते वाक्य अट धरूनही पटत नाही. पण मामा, तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला आठवायला हवं: आपल्याकडे १९७३-७४ मध्ये सर्वांत वरच्या टप्प्यावर अधिभारासकट ९७.७५ टक्के आयकर होता. त्याने मासिकात तत्त्व मांडलं, दिल्लीने वसुली केली. ओबामाच्या बापाबद्दल घंटा वाजवणाऱ्या कुणी त्यावर घंटा वाजवल्याचं मला दिसलं नाही.

आता ज्या मुद्द्याने माझी झोप गेली तो. भारतीयांना हाकलायचा आराखडा.

आठ पानांत असा आराखडा नाही. एक तक्रार आहे, आणि ती कडू आहे. नैरोबीतल्या रिव्हर रोडच्या छोट्या दुकानांपासून गव्हर्न्मेंट रोडच्या मोठ्या दुकानांपर्यंत जवळपास सगळा धंदा एशियन आणि युरोपियनांच्या हातात आहे, चांगल्या हॉटेलात गेलं तर तेच बसलेले दिसतात, गाड्याही त्यांच्याच, मग हा देश आफ्रिकी माणसाचा असेल तर आर्थिक सत्ता त्याच्याकडे का नको, असा त्याचा सवाल. वाचताना भारतीय म्हणून टोचतं. मला टोचलं. पण सरकारने यावर काही करावं असं म्हणणं वेगळं आणि माणसं हाकला म्हणणं वेगळं.

तारखाही पाहा. लेख १९६५ चा, केनियातला, इंग्रजी मासिकातला. इदी अमीन सत्तेवर आला १९७१ मध्ये, शेजारच्या युगांडात, बंदूक घेऊन. हकालपट्टी जाहीर झाली ४ ऑगस्ट १९७२ ला, मुदत नव्वद दिवस. अमीनला माणसं हाकलायला अर्थशास्त्राचा लेख लागला असेल हे ज्याला पटतं त्याला अमीन कळलेला नाही. ४ ऑगस्ट ही तारीख मात्र दोन्हीकडे आहे. एवढं साम्य मी फुकट देतो, पुढच्या फॉरवर्डमध्ये घाला.

केनियात काय झालं ते वेगळंच आहे आणि तेही गोड नाही. स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांत नागरिकत्व घ्यायची मुभा होती. अनेकांनी ब्रिटिश पासपोर्टच ठेवला. मग १९६७ मध्ये दोन कायदे आले, परक्या नागरिकांना कामाचा परवाना आणि व्यापारावर जागा-मालाची बंधनं. छोट्या दुकानदारांचं कंबरडं मोडलं, विमानं भरभरून लोक लंडनला निघाले. आणि दार कोणी लावलं? १९६८ च्या मार्चमध्ये ब्रिटनने घाईघाईने कायदा करून आपल्याच पासपोर्टधारकांना अडवलं. फॉरवर्डमध्ये ब्रिटिशांचं नावही नाही.

हे सगळं रुजलं कुठून? एक मोठं झाड माझ्या माहितीचं आहे. २०१० मध्ये 'फोर्ब्स'मध्ये दिनेश डिसूझा या अमेरिकेतल्या उजव्या लेखकाने लिहिलं की अमेरिकेवर १९५० च्या दशकातल्या एका लुओ (थोरल्या ओबामाची जमात) टोळीवाल्याच्या स्वप्नांप्रमाणे राज्य चाललंय. हा डिसूझा मुंबईत जन्मलेला, घराणं गोव्याचं. त्याच गोव्याच्या मुळाचा पिओ गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेला आणि ओबामाच्या लेखाच्या पाच महिने आधी, फेब्रुवारी १९६५ मध्ये, नैरोबीत त्याच्या घराच्या दाराशी गोळ्या घालून मारला गेला. आपल्या ग्रुपवर पिंटो कधीच फिरत नाही.

'धंदा जमत नाही' यावर फार लिहावंसं वाटत नाही, चीड येते. मामा, एकदा रविवारी किबुयेच्या बाजारात चला. ओमेना नावाची बारीक मासळी पसाऱ्यावर ढिगाने वाळलेली असते, हुबेहूब आपला जवळा. विकणाऱ्या सगळ्या लुओ बायका. मापाचा डबा हलवून भरू देत नाहीत आणि मी तोंड उघडायच्या आत भाव वाढलेला असे. बुसियाला सीमेच्या दोन चौक्यांमधल्या पट्ट्यात सायकलवर माणसं-गोण्या पोचवणारी पोरं 'बॉर्डर, बॉर्डर' ओरडत, त्याचंच 'बोडा-बोडा' झालं आणि आता पूर्व आफ्रिकाभर मोटारसायकल टॅक्सीला तोच शब्द आहे. दुकानाला ते 'दुका' म्हणतात, कुठून उचलला ते सांगायला नको. आणि 'आपले व्यापारी गेले' म्हणजे कुठे? किसुमूत मी तीन वर्षं डाळ-तांदूळ गुजराती दुकानातूनच घेत होतो.

त्या थोरल्या ओबामाची कारकीर्द तरी पुढे काय झाली? सेंट्रल बँक, मग पर्यटन महामंडळ, तिथून गच्छंती, पुढे अर्थखात्यात नोकरी. एक दिवस मात्र कुठल्याच फॉरवर्डमध्ये येत नाही. ५ जुलै १९६९, शनिवार. त्याच गव्हर्न्मेंट रोडवर त्याला एम्बोया भेटला. गाडी पिवळ्या पट्टीवर उभी आहे, दंड होईल, असं ओबामा त्याला थट्टेत म्हणाला. थोड्याच वेळात एका भारतीयाच्या औषधाच्या दुकानातून बाहेर पडताना एम्बोयावर गोळ्या झाडल्या गेल्या. खटल्यात ओबामा सरकार पक्षाचा साक्षीदार म्हणून उभा राहिला.

हे सगळं मी मामांना पाठवलं. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर सकाळी आलं: "ठीक. त्या ओमेन्याची चटणी करतात का?"