‘मोर्चात दिसलात तर उचलतील’ : त्या मेसेजला उत्तर

‘पूनम गेटला मोर्चात दिसलात तर पोलीस काहीही करू शकतात’ असा एक मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. पूनम गेट म्हणजे इथली मोर्चे-धरण्यांची नेहमीची जागा. पाच माणसं जमली की गुन्हा, परवानगी नाकारली की विषय संपला, बायकांना रात्री उचलतात आणि घरी कळवतही नाहीत, एक केस झाली की पासपोर्ट आणि नोकरी कायमची गेली, असं त्यात लिहिलंय. विड्या वळणाऱ्या माझ्या मावशीला तो आला आणि मजुरीवाढीच्या धरण्याला जायचं तिनं रद्द केलं. म्हणून हे लिहितेय.

आधी रात्रीचा मुद्दा, कारण मावशी घाबरली ती त्यालाच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३(५) वाचा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची. घरी कळवणं ही मेहरबानी नाही, ते पोलिसांचं कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयानं कोठडीतल्या अत्याचारांबद्दलच्या डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच ते बजावलं आणि आता ते संहितेतही आहे. अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही लागते, वकिलाला भेटता येतं, २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. आंदोलकांना गाडीत बसवून नेतात, नावं लिहून घेतात आणि संध्याकाळी सोडतात, त्यासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम ६८ आणि ६९ आहेत. प्रकरण किरकोळ असेल तर प्रसंग टळल्यावर माणसाला सोडता येतं, असं कलम ६९ मध्येच लिहिलंय. हे न सांगता कष्टकरी बायकांना रात्रीच्या कोठडीची भीती घालणं संतापजनक आहे.

पाच माणसांचं म्हणाल तर बेकायदा जमाव ठरायला नुसती पाच डोकी पुरत नाहीत. बळाचा धाक घालणं, गुन्हा करणं असा त्या सगळ्यांचा समान हेतू असावा लागतो. मजुरी मागणं त्यात बसत नाही. हां, यात अर्धं सत्य आहे ते मान्य करते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्याच कलम ३७ खाली जमावबंदीचा आदेश निघालेला असेल आणि तो मोडला, तर गुन्हा दाखल होतो. पण जमावबंदी १५ दिवसांपुढे न्यायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते, आणि आदेशालाही कोर्टात आव्हान देता येतं.

ते दिलं गेलंय, मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात. माजलगावात नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध धरणं धरायला पोलिसांनी परवानगी नाकारली, आधार याच कलम ३७ च्या आदेशाचा. फेब्रुवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तो आदेश आणि पोलिसांचा नकार, दोन्ही रद्द केले. आदेश दिसायला सगळ्यांसाठी असला तरी रोख आंदोलकांवरच आहे, हे न्यायालयानं ओळखलं. एका कायद्याला विरोध करायचाय एवढ्यावरून कुणाला देशद्रोही म्हणता येणार नाही, असंही त्या निकालात आहे. हा मेसेज लिहिणाऱ्यानं तो एकदा तरी वाचावा.

रस्ता बेमुदत अडवून बसता येत नाही, हे खरं. दिल्लीतल्या शाहीनबागेच्या धरण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते २०२० मध्ये स्पष्ट केलंय. पासपोर्ट-नोकरीचंही थोडं खरं आहे. खटला चालू असेल तर पडताळणीत अडचण येते, आणि खटला लपवायचा नसतो. पण ‘कायमची गेली’ हे धादांत खोटं. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे शासन निर्णय राज्य सरकारनं वेळोवेळी काढलेत.

धरण्याचा अर्ज पोलीस ठाण्यात द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी ‘नाही’ म्हणाले तर नकार लेखी मागा. कोर्टात दाखवायला तोच कागद लागतो.