केनियाचं उदाहरण तुम्हीच दिलंत, म्हणून केनियापासूनच सुरुवात करते

नमस्कार,

तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. इतक्या तपशिलात जाऊन विरोध केलात, तेव्हा दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना. म्हणून हा वेगळा लेखच लिहिते आहे.

ज्यांनी मागचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फोनवरून पैसे देण्याची सोय कितीही वाढली तरी दवाखाना, एसटी, नगरपालिकेची खिडकी, किराणा दुकान अशा ठिकाणी रोख पैसे घेतलेच पाहिजेत आणि त्यासाठी कायदा हवा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: हे सुखवस्तू माणसाचं स्मरणरंजन आहे, मोबाइलमधल्या पैशाने गरिबाला मोकळं केलं आणि केनियाने ते जगाला दाखवून दिलं, रोख म्हणजे काळा पैसा, आणि ज्यांना आज जमत नाही त्यांचा प्रश्न एका पिढीत आपोआप सुटेल. शेवटी विचारलंत, मी स्वतः यूपीआय वापरते का?

केनियाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते खरं आहे, आणि मला ते आणखी ठासून सांगायचं आहे. २००७ च्या मार्चमध्ये सफारीकॉम या तिथल्या मोबाइल कंपनीने एम-पेसा ही फोनवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू केली, त्याआधी नैरोबीत राबणारा माणूस गावी पैसे कसे पाठवायचा? बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाकीट द्यायचा, गावाकडे निघालेल्या भाऊबंदाला गाठायचा, नाहीतर कामाचा खाडा करून स्वतः जायचा. पाकीट पोचेलच याचा भरवसा नसे. गिरण्यांच्या काळात मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर कोकणातली घरंच्या घरं चालली. पोस्टमन दिसेपर्यंत वाण्याची उधारी कशी लांबवायची, हे ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना केनियातल्या गावी पैशांची वाट पाहणाऱ्या आईची अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

एम-पेसाची मूळ कल्पना मात्र निराळी होती. २००५ मध्ये व्होडाफोनने ब्रिटिश सरकारच्या विकासनिधीतून मदत घेऊन जी चाचणी केली, ती सूक्ष्मकर्जाचे हप्ते फोनवरून भरता यावेत म्हणून. लोकांनी ती सोय आपल्या गरजेकडे वळवली. ते एकमेकांना पैसे पाठवू लागले. प्रवासाला निघताना नोटा खात्यात भरायच्या आणि मुक्कामाला पोचल्यावर काढून घ्यायच्या, म्हणजे वाटेत लुटले जाण्याची भीती नाही. कंपनीने हे नीट पाहिलं, हप्त्यांची कल्पना बाजूला ठेवली आणि 'घरी पैसे पाठवा' एवढ्याच हाकेवर सेवा सुरू केली. तंत्रज्ञान लोकांच्या मागे गेलं, म्हणून ते रुजलं.

त्याचा परिणामही मोजला गेला आहे. एमआयटीच्या तवनीत सूरी आणि जॉर्जटाउन विद्यापीठाचे विल्यम जॅक यांनी केनियातल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. २०१४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की पीक बुडालं, आजारपण आलं किंवा नोकरी गेली, की एम-पेसा न वापरणाऱ्या घराला आपला खर्च साधारण ७ टक्क्यांनी आवरता घ्यावा लागे. वापरणाऱ्यांच्या घरात तशी घट दिसली नाही, कारण दूरदूरच्या नातलगांकडून ताबडतोब थोडे थोडे पैसे येत. मग २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातल्या त्यांच्या निबंधात तो मोठा आकडा आला: १,९४,००० कुटुंबं, म्हणजे केनियातली सुमारे २ टक्के, गरिबीतून वर आली. सुमारे १,८५,००० स्त्रिया शेती सोडून छोट्या धंद्यांत शिरल्या. स्त्री कुटुंबप्रमुख असलेल्या घरांना सर्वांत जास्त फायदा झाला. हे वाचून ज्याला आनंद होणार नाही त्याच्याशी मला वाद घालायचाच नाही.

पण हे मोजलं कशावरून? कोणाकडे फोन आहे यावरून नव्हे. घरापासून एक किलोमीटरच्या आत एम-पेसाचे एजंट किती वाढले, यावरून. आणि एजंट म्हणजे कोण? साबण, बिस्किटं, रिचार्ज विकणाऱ्या टपरीतली बाई किंवा बाप्या. तुम्ही नोटा देता, ती आपल्या फोनमधली तेवढीच रक्कम तुमच्या खात्यात वळती करते. तुम्हाला पैसे हवे असतात तेव्हा उलटा व्यवहार: तुम्ही फोनवरून तिला पाठवता, ती गल्ल्यातून नोटा काढून हातात ठेवते. तिचं सगळं कसब या दोन बाजू सांभाळण्यात असतं. शहरात लोक जास्त करून पैसे भरतात, खेड्यात जास्त करून काढतात. म्हणजे खेड्यातल्या एजंटच्या गल्ल्यातल्या नोटा संपतात आणि नोटा आणायला तिला दूरच्या बँकेत खेपा घालाव्या लागतात. ज्या दिवशी तिच्याकडे नोटा नसतात त्या दिवशी त्या गावापुरती ती झगमगीत सेवा बंद असते.

म्हणजे केनियाने रोख हटवून गरिबी कमी केली नाही. फोनमधला पैसा आणि हातातली नोट यांच्यामधली ये-जा तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर सोपी आणि भरवशाची झाली. हवे तेव्हा नोटांच्या रूपात काढता येतील याची खात्री होती, म्हणून लोकांनी कष्टाचे पैसे त्या अदृश्य खात्यात ठेवायची हिंमत केली. माझ्या लेखातली मागणी याहून वेगळी नव्हती. तुम्ही माझ्या विरोधात मांडलेला पुरावा मला माझ्या बाजूचा वाटतो.

(केनियाचीच दुसरी बाजूही विसरू नये. पैसा फोनमध्ये आला तसं कर्जही फोनमध्ये आलं. २०१२ मध्ये फोनवरून कर्ज देणारं एम-श्वारी आलं, मग ॲपवाल्या सावकारांची रांग लागली. हप्ता चुकला की कर्जदाराच्या फोनमधल्या ओळखीच्या लोकांना फोन करून त्याची बेअब्रू करण्यापर्यंत मजल गेली, आणि अखेर २०२२ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेला नियम करून हे थांबवावं लागलं. आपल्याकडेही कर्ज देणाऱ्या ॲपांनी हेच केलं, हे तुम्हाला माहीत आहे.)

आता ज्या देशाने ही ये-जा तोडली तिथलं पाहू. स्वीडनमध्ये शेवटची खरेदी रोखीने केली असं सांगणाऱ्यांचं प्रमाण २०१० मध्ये ३९ टक्के होतं, २०२० पर्यंत ते ९ टक्क्यांवर आलं. २०१२ मध्ये बँकांनी मिळून फोनवरून पैसे देण्याचं 'स्विश' ॲप आणलं, दुकानांनी 'रोख घेत नाही' अशा पाट्या लावल्या, बँकांच्या कित्येक शाखांनी नोटा हाताळणं सोडलं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग तिथल्या वृद्धांनी, अपंगांच्या संघटनांनी आणि खेड्यांनी आवाज उठवला. त्यांचं पुढारपण कोणी करावं? ब्यॉर्न एरिक्सन यांनी, जे एकेकाळी देशाचे पोलीसप्रमुख आणि इंटरपोलचे अध्यक्ष होते. पैशाच्या गुन्हेगारीची तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना नक्कीच जास्त ओळख. १ जानेवारी २०२१ पासून तिथल्या मोठ्या बँकांवर रोखीची सेवा पुरवण्याचं कायदेशीर बंधन आलं. २०२४ मध्ये संकट आणि युद्धाच्या तयारीची जी पुस्तिका सरकारने घरोघरी पाठवली, तिच्यात किमान आठवडाभर पुरेल एवढी रोख घरात ठेवा असा सल्ला आहे. जगात सर्वांत वेगाने रोख सोडणाऱ्या देशांपैकी हा एक. त्याचं शहाणपण आपण फुकटात घेऊ शकतो.

आणि २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालची वीज गेली. कार्डाची यंत्रं बंद, एटीएम बंद. ज्याच्या खिशात नोटा होत्या त्याला मेणबत्त्या, रेडिओ आणि डबाबंद अन्न मिळालं. तिथे प्रश्न वयाचा नव्हता.

म्हणूनच 'एका पिढीचा प्रश्न' हा तुमचा मुद्दा मला पटत नाही. चीनमध्ये २०२० च्या नोव्हेंबरमध्ये हुबेई प्रांतातली एक वृद्धा आरोग्य विम्याचा हप्ता नोटांनी भरायला गेली आणि तिला नकार मिळाला. त्याच महिन्यात, त्याच प्रांतात, ९४ वर्षांच्या एका स्त्रीला चेहरा ओळखणाऱ्या यंत्रासमोर धरण्यासाठी घरच्यांना उचलून घ्यावं लागलं. दोन्ही चित्रफिती देशभर पाहिल्या गेल्या आणि वृद्धांसाठी जुन्या पद्धती चालू ठेवण्याचे आदेश सरकारला काढावे लागले. तुम्ही म्हणाल, ही शेवटची पिढी. पण आज चाळिशीत असलेले आपण सत्तरीला पोचू तेव्हा ॲप आजचं राहणार नाही, आणि आपले डोळे आणि बोटंही आजची राहणार नाहीत. मागे पडणारे लोक दर पिढीत नव्याने तयार होतात.

वयाच्या पलीकडचीही माणसं आहेत. नवऱ्याच्या नकळत डब्यात पैसे साठवणारी बाई घ्या. तिच्या खात्याला जोडलेला नंबर नवऱ्याच्या हातातल्या फोनचा असेल, तर प्रत्येक रुपयाचा मेसेज त्याच्याकडे जातो. आपल्या मंडईत भाजीवाल्या मावशींच्या टोपलीशेजारचा क्यूआर कोड स्कॅन करून पाहा, किती वेळा नाव मुलाचं येतं. शेजारच्या बोलणाऱ्या पेटीतून 'चाळीस रुपये प्राप्त झाले' असं मराठीत ऐकू येतं, पण ते चाळीस रुपये त्या मावशींच्या कनवटीला येत नाहीत. संध्याकाळी मुलाकडे मागावे लागतात. मुलगा गुणी असेल तर प्रश्न नाही. पण स्वतःच्या कमाईसाठी कोणाच्या गुणीपणावर अवलंबून राहावं लागणं, यालाच तर आपण परावलंबन म्हणतो. साध्या फोनसाठी २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आलं, ही चांगलीच गोष्ट झाली. तरी स्वतःच्या नावाचं खातं आणि स्वतःच्या हातातला नंबर या दोन अटी सुटत नाहीत.

काळ्या पैशावर फार लिहीत नाही. नोटाबंदीत रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्याचं रिझर्व्ह बँकेच्याच अहवालात आहे. तेव्हा सुमारे १८ लाख कोटींच्या नोटा चलनात होत्या, आज ३० लाख कोटींच्या वर आहेत, आणि त्याच काळात यूपीआयही अफाट वाढलं. लोक दोन्ही वापरताहेत.

हो, मी यूपीआय वापरते, रोज वापरते. सुट्ट्या पैशांऐवजी हातावर गोळ्या-चॉकलेट टेकवण्याचे दिवस गेले. टपरीवाल्यालाही व्यवहारामागे काही कापून द्यावं लागत नाही. आपल्या लोकांनी उभारलेल्या या यंत्रणेचा मला अभिमान आहे. पण २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये ती काही तासांसाठी बंद पडली तेव्हा पेट्रोल पंपावर आणि औषधाच्या दुकानात ज्यांची अडचण झाली नाही, ते नोटा बाळगणारेच होते.

मला नेमकं काय हवं आहे, असंही तुम्ही विचारलंत. नॉर्वेने १ ऑक्टोबर २०२४ पासून केलं तसं: जिथे माणूस बसून विक्री करतो अशा कायमच्या जागी, ठरावीक रकमेपर्यंत, ग्राहकाला रोखीने पैसे देण्याचा हक्क. वस्तू विकणारी स्वयंचलित यंत्रं आणि माणूस नसलेली दुकानं त्यातून वगळली आहेत, मलाही ते मान्य आहे.

दुसरी मागणी याहून निकडीची आहे, आणि तिथे तुमची मदत होईल, कारण तुम्ही पेमेंटच्या क्षेत्रात काम करता असं लिहिलं आहे. केनियाच्या एजंटची आपल्याकडची बहीण म्हणजे बँक मित्र, गावात बँकेच्या वतीने पैसे देणारी-घेणारी व्यक्ती. मेळघाटात, नंदुरबारच्या डोंगरात रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन लोकांच्या हातात पडते ती बहुधा त्यांच्याचकडून, अंगठा लावून. काम करून बोटं झिजलेली असतात, ठसा जुळत नाही, नेटवर्क जातं, बँक मित्राकडच्या नोटा संपतात, आणि अर्ध्या दिवसाची पायपीट वाया जाते. नोटा आणायला शहरात जाण्याचा खर्च, वाटेतल्या चोरीची जोखीम आणि हातात पडणारं तुटपुंजं कमिशन यांचा मेळ बसत नाही, म्हणून कित्येक जण हे काम सोडतात. या कमिशनचा हिशेब कसा ठरतो, दुर्गम भागासाठी वेगळा दर आहे का, नोटा पोचवण्याचा खर्च कोण उचलतं, हे तुम्हाला आतून माहीत असेल तर जरूर लिहा. प्रतिक्रियेत मावणार नसेल तर स्वतंत्र लेख पाठवा, याच ब्लॉगवर तुमच्या नावाने छापेन.