इवलंसं बेट, मोठे गुडघे

"माल्टा म्हणजे केवढं हो, दाजी? अख्खा देश मुंबईहून लहान. दोन दिवसांत हातावेगळा होईल," असं मेव्हण्याने छातीठोकपणे सांगितलं. तो २०१२ साली तिथे जाऊन आलाय. तेव्हापासून आमच्या घरात भूमध्य समुद्राचा सगळा कारभार त्याच्याकडे आहे. त्याने यादीही करून दिली. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा: 'गोझोची निळी खिडकी. चुकवू नका.' गोझो म्हणजे माल्टाचंच शेजारचं बेट आणि खिडकी म्हणजे समुद्रातली खडकाची कमान.

बेट लहान आहे, पण ते नकाशावर. व्हॅलेटा हे राजधानीचं गाव लांबी-रुंदीत नाही, उंचीत मोजायचं. १५६५ साली तुर्कांचा वेढा उठला आणि पुढच्याच वर्षी तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांच्या महाप्रमुखाने, म्हणजे ला व्हॅलेटने, टेकाडावर नवं शहर वसवायला घेतलं. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. टेकाड सपाट करायचं मात्र राहून गेलं. त्यामुळे निम्म्या गल्ल्या म्हणजे जिनेच. तिसऱ्या जिन्यावर माझ्या गुडघ्यांनी त्या महाप्रमुखाचा उद्धार केला. मी फक्त तोंड उघडून हवा घेत होतो.

सेंट जॉन कॅथेड्रलच्या दारात हिच्या टोकदार टाचांच्या सँडलना मज्जाव झाला. कारण रास्त होतं. आतली फरशी म्हणजे सरदारांच्या सुमारे चारशे संगमरवरी समाध्या, एकीला एक चिकटून, त्यांवर रंगीत दगडांचे सांगाडे जडवलेले. ही मऊ सपाता घालून आत शिरली आणि जागच्या जागी थबकली. "अहो, माणसं आहेत खाली!" पाय लागला की नमस्कार करायचा, हे आपल्याकडचं वळण. हिने पहिल्या सरदाराला वाकून नमस्कार केला. मग दुसऱ्याला. एका फरशीवर पाय, पुढचीला नमस्कार, असं चाललं. मागे जर्मन प्रवाशांची रांग खोळंबली. त्यातल्या एका आजीबाईंनी तर विधी समजून हात जोडले. कॅराव्हॅजिओ या इटालियन चित्रकाराचं ते भलंमोठं १६०८ चं शिरच्छेदाचं चित्र, ज्यात त्याने संत जॉनच्या रंगवलेल्या रक्तातच सही केलीय, ते पाहायला मला जेमतेम चार मिनिटं मिळाली. आम्ही अजून कुणा स्पॅनिश काकांपाशी अडकलो होतो.

माल्टातलंच मदिना हे जुनं गाव त्यामानाने सोपं गेलं. तटाच्या आत तीनशेच्या आत-बाहेर वस्ती, गाड्यांना जवळपास बंदी, म्हणून नावच 'शांत नगरी'. तिथल्या शांततेत बाकरवडी किती जोरात वाजते, हे मी जातीने सांगू शकतो. माल्टी भाषेचं मूळ अरबी, त्यामुळे पुस्तकाला 'क्तिएब' आणि जगाला 'दिन्या' म्हणतात हे कळल्यावर ही एकदम घरच्यासारखी वागू लागली आणि बसवाल्याशी मराठीतच बोलली. बस चुकली ती चुकलीच.

शेवटी गोझो. पंचवीस मिनिटं बोट, मग बस, मग व्हिक्टोरियाला दुसरी बस. ड्वेराच्या खडकांवर पोहोचलो. खाली निळाशार समुद्र. खिडकी नाही. मी यादी उलटी धरूनही पाहिली. शेजारच्या माणसाने शांतपणे सांगितलं, ती ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळून समुद्रात गेली.

"दादाने सांगितलंय म्हणजे असेलच कुठेतरी," असं म्हणत हिने रिकाम्या समुद्रापुढे उभं राहून फोटो काढून घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. मिनिटभरात मेव्हण्याचा प्रश्न आला: "दाजी, खिडकी कुठाय?"

मी लिहिलं, "सताड उघडी आहे."